प्रेशर कुकर : स्वयंपाकघराबाहेरचा संसार

वरणभातासाठी घडवलेल्या कुकरात कोणी इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक केल्या, कोणी अळिंबीच्या (मशरूमच्या) बियाण्यासाठी गहू वाफवला, तर कोणी कर्करोगाच्या निदानासाठी काचपट्ट्या उकळल्या, असे ऐकले की ही सारी अडल्या वेळी सुचलेली युक्ती वाटते. प्रत्यक्षात कुकरचा प्रवास उलट्या दिशेने झालेला आहे. हे भांडे जन्मले शास्त्रज्ञाच्या हाती, घरात आले फार उशिरा, आणि प्रयोगशाळेकडे वळले तेव्हा ते एका अर्थाने माहेरीच गेले.

फ्रान्समध्ये ब्लवा शहराजवळ १६४७ साली जन्मलेले डेनिस पापँ वैद्यक शिकलेले होते, पण त्यांचा ओढा यंत्रांकडे होता. लंडनला येऊन त्यांनी शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांच्यासोबत हवेच्या पंपावर काम केले आणि १६७९ साली रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे ‘डायजेस्टर’ नावाचे एक जाड धातूचे, झाकण स्क्रूने आवळायचे भांडे मांडले. एरवी टाकून दिली जाणारी हाडे थोड्या इंधनात मऊ करून त्यांतील सत्त्व खाण्याजोगे करावे, हा त्यामागचा हेतू होता. १२ एप्रिल १६८२ रोजी या भांड्यात शिजवलेले जेवण जेवून आलेले रोजनिशीकार जॉन इव्हलिन यांनी लिहून ठेवले आहे की, गाईची आणि मेंढीची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती आणि त्यासाठी आठ औंसांहूनही कमी कोळसा लागला. वाफ कोंडली की भांडे फुटण्याचा धोका असतो, म्हणून पापँ यांनी झाकणावर वजन टांगलेल्या तरफेने दाबून धरलेली झडप बसवली. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाई आणि वाफ निसटे. आज आपण मोजतो ती शिट्टी याच झडपेच्या वंशातली आहे. पुढे १६९० साली पापँ यांनी वाफेने दट्ट्या हलवण्याची कल्पना मांडली, त्यामुळे त्यांचे नाव वाफेच्या इंजिनाच्या इतिहासातही आदराने घेतले जाते.

जवळजवळ दोनशे वर्षांनी या भांड्याची गरज पडली ती सूक्ष्मजीवशास्त्राला. गवताचा काढा कितीही उकळला तरी काही दिवसांनी त्यात पुन्हा जीवाणू दिसतात, याचे कारण १८७६ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी दाखवून दिले. काही जीवाणू कठीण कवचाचे बीजाणू तयार करतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांच्या वर जात नाही, मग ज्वाला कितीही मोठी करा. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलँ यांनी १८७९ मध्ये पापँ यांच्या भांड्याचेच तत्त्व घेऊन ऑटोक्लेव्ह, म्हणजे कोंडलेल्या वाफेने वस्तू निर्जंतुक करणारे यंत्र, तयार केले. वातावरणाच्या दाबाहून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब दिला, की वाफेचे तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते आणि पंधरा-वीस मिनिटांत बीजाणूही मरतात. कोरड्या गरम हवेने हेच साधायचे तर १६० अंशांवर दोन तास लागतात. वाफ थंड वस्तूवर पाणी होऊन बसते तेव्हा आपल्या पोटातली सारी उष्णता एकदम त्या वस्तूला देऊन टाकते, आणि ओल्या उष्णतेत जीवाणूंची प्रथिनेही लवकर गोठतात.

घरगुती कुकर विसाव्या शतकात, प्रामुख्याने १९३८-३९ नंतर, अमेरिकेत बाजारात स्थिरावला. भारतात १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांची निर्मिती सुरू झाली, आणि तूरडाळ शिजायला लागणारा वेळ व इंधन पाहता मराठी घरांनी तो पुढे आपलासा केला यात नवल नाही. भारतीय कुकरची शिट्टी सामान्यतः चौरस सेंटिमीटरला एक किलो या दाबावरच उचलली जाते. म्हणजे रोज सकाळी गॅसवर चढणारे भांडे जवळजवळ ऑटोक्लेव्हच्याच दाबावर काम करत असते. पुढच्या साऱ्या अनपेक्षित उपयोगांचे मूळ या एका आकड्यात आहे.

त्यांतला सर्वांत मोलाचा उपयोग लसीकरणाचा, असे माझे ठाम मत आहे. काचेच्या सिरिंज आणि सुया पुन्हा पुन्हा वापरण्याच्या काळात त्या पाण्यात उकळून घेण्याची पद्धत होती. उकळण्याने बरेच जंतू मरत, बीजाणू मात्र उरत. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरगुती कुकरच्या धर्तीवर बेतलेले, आत सुया-सिरिंजसाठी जाळीच्या चौकटी असलेले निर्जंतुकीकरण कुकर अनेक देशांत पोहोचवले, आणि १९८५ साली भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यावर ते इथल्या आरोग्यसेवेतही आले. वीज नसली तरी स्टोव्हवर चालणारे, एका हाताने उचलता येणारे आणि घरच्या सवयीमुळे परिचारिकेला नव्याने शिकावे न लागणारे असे हे साधन होते. वाफ सुरू झाल्यावर आतली हवा आधी पूर्ण निघून जाऊ द्यायची, मगच शिट्टी ठेवायची आणि तिथून पुढची वीस मिनिटे मोजायची, हा नियम पाळणे आवश्यक होते, कारण हवा आत अडकली तर दाब दिसतो पण तापमान पोहोचत नाही. एकदाच वापरता येणाऱ्या, आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंज भारतात २००५ च्या सुमारास आल्या आणि या कुकरांचे काम संपत गेले. तोपर्यंत त्यांनी बजावलेल्या सेवेची नोंद फारशी कुठे दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विकृतिशास्त्रात, म्हणजे ऊती तपासून रोगाचे निदान करणाऱ्या शाखेत, कुकर आला तो निराळ्या कारणाने. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवला की त्यातील प्रथिने एकमेकांना सांधली जातात आणि तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) ती ओळखता येत नाहीत. ते सांधे उष्णतेने सैल होतात हे १९९१ मध्ये मायक्रोवेव्हच्या साहाय्याने दाखवले गेले, आणि १९९४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी त्याच कामासाठी कुकर वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ऊतीचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या सायट्रेटच्या द्रावणात बुडवून पूर्ण दाबावर काही मिनिटे ठेवल्या की त्यांवर रंग सारखा उठतो. स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन या हार्मोनला धरणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत की नाहीत, यावर हार्मोनविरोधी गोळी द्यायची की नाही हे ठरते, आणि ती तपासणी अनेक प्रयोगशाळांत अशाच वाफेतून जाते.

धिंगरी अळिंबीचे बियाणे करणाऱ्यांचे गणित अधिक साधे आहे. अर्धवट शिजवलेल्या गव्हात किंवा ज्वारीत कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम मिसळतात, दाणे बाटल्यांत किंवा उष्णता सोसणाऱ्या पिशव्यांत भरतात, तोंडाला कापसाचा बोळा लावतात आणि दीड-दोन तास दाबाखाली ठेवतात. वरणाला पुरणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत दाण्याच्या गाभ्यातले बीजाणू मरत नाहीत. मोठ्या प्रमाणावर हे काम ऑटोक्लेव्हमध्येच होते, पण दोन-चार बाटल्यांपासून सुरुवात करणाऱ्याला पाच-सात लिटरचा कुकर पुरतो. एवढा वेळ कुकर चालवायचा तर तळात पाणी भरपूर हवे, जाळी उंच हवी आणि रबरी रिंग नवी हवी. दाब पूर्ण उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर बोळे ओले होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. रसायनांसाठी किंवा ऊतींसाठी वापरलेला कुकर कितीही घासला तरी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, आणि त्यावर तसे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.