युद्ध, डिझेल आणि कापूस : विदर्भाच्या गावांतील प्रतिक्रियांची पार्श्वभूमी

जगात कुठेही युद्ध पेटले की विदर्भातील गावांत त्याची चर्चा डिझेलच्या भावापासून सुरू होते आणि दुसऱ्याच वाक्याला निवडणुकीवर येते. 'इलेक्शन होऊ द्या, मंग पाहा भाव' हे पारावरचे भाकीत वरवर पाहता टवाळीचे वाटते. प्रत्यक्षात त्यामागे अनेक हंगामांचा हिशेब आहे. हा हिशेब पेट्रोल पंपापुरता राहत नाही. कापूस, सोयाबीन आणि खत यांचे भाव त्यात मिसळलेले असल्यामुळे, इंधन दरवाढीवरील येथील प्रतिक्रिया शहरातील प्रतिक्रियेहून निराळी का असते, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

दूरच्या युद्धाचा पैसा वऱ्हाडात पहिल्यांदा आला तो नफ्याच्या रूपाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात येथील कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. युद्ध थांबताच तो भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या. इकडे मात्र कापसाखाली गेलेली जमीन पुन्हा पूर्वीसारखी ज्वारीकडे वळली नाही, कारण तोवर कापूस वाहून नेण्याची व्यवस्था उभी राहू लागली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावची आणि त्यापाठोपाठ अमरावतीची शाखा सुरू झाली. परदेशातील लढाईवर आपल्या घरचा भाव ठरतो, ही गोष्ट वऱ्हाडच्या कास्तकाराला खनिज तेलाच्या कितीतरी आधी कळली होती.

खनिज तेलाचा संबंध मात्र उशिरा आला. १९७१ च्या युद्धकाळात निर्वासितांच्या मदतीसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागत असे. युद्धखर्चाची झळ बहुतेक घरांना जाणवली ती अशी, आणि त्याबद्दल फारशी तक्रारही झाली नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला कच्च्या तेलाचा पिंपाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत ती बातमी झाली. विदर्भात त्या वेळी कापूस बैलगाडीनेच जिनिंगवर जात होता, त्यामुळे पेट्रोलच्या भावाने गावाचे फारसे अडत नव्हते. अडत होते ते रॉकेलवाचून, कारण कंदील आणि स्टोव्ह दोन्ही त्यावर चालत आणि रेशनच्या दुकानापुढे रांग लागे.

या काळातील दुसरी एक गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकण्याची पद्धत, सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंधनाचे दरही पूर्णपणे सरकारी निर्णयाने ठरू लागले. म्हणजे विकायच्या मालाचा भाव मुंबईहून आणि विकत घ्यायच्या इंधनाचा भाव दिल्लीहून जाहीर होत असे. दोन्ही भाव सरकारच ठरवते, मग दोन्हींचा जाबही सरकारनेच द्यावा, ही समजूत त्या काळात पक्की झाली. ती चुकीची होती असे म्हणता येणार नाही. १९८० नंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला विदर्भात जो पाठिंबा मिळाला, त्यातही उत्पादन खर्च आणि मिळणारा भाव यांची ही तुलनाच केंद्रस्थानी होती.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा ऑक्टोबरात पेट्रोलियम पदार्थांवर अधिभार लागला. परकीय चलन संपत आले, सोने गहाण गेले, आणि जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या गेल्या. विरोधानंतर ही वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली. आखातातील युद्ध शेतापर्यंत पोहोचले ते डिझेलपेक्षा खताच्या पोत्यातून.

एप्रिल २००२ मध्ये इंधनाची प्रशासित दरपद्धती, म्हणजे सरकारने दर ठरवण्याची पद्धत, कागदोपत्री संपली आणि त्याच सुमारास कापसाची एकाधिकार खरेदीही मोडीत निघाली. इंधनाच्या बाबतीत प्रत्यक्ष मोकळीक टप्प्याटप्प्याने आली : जून २०१० मध्ये पेट्रोल, जानेवारी २०१३ पासून डिझेलमध्ये दरमहा सुमारे पन्नास पैशांची वाढ, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त आणि १६ जून २०१७ पासून रोजचे दर. याच वर्षांत शेतीही बदलली. नांगरणी आणि रोटाव्हेटर ट्रॅक्टरवर गेले, सोयाबीनची मळणी थ्रेशरवर किंवा हार्वेस्टरने होऊ लागली, कापूस वेचायला दुसऱ्या गावाहून मजूर आणायचे तर पिकअपचे भाडे आले. डवरणीला बैलजोडी अजून लागते, पण ज्याच्याकडे ती नाही त्याला तीही भाड्याने घ्यावी लागते, आणि तिचे भाडे ट्रॅक्टरच्या दराकडे पाहूनच ठरते. डिझेल वाढल्यावर ट्रॅक्टरमालक एकराचा दर वाढवतो. डिझेल दोन रुपयांनी उतरल्यावर तो दर कमी झाल्याचे उदाहरण सांगणारा माणूस शोधावा लागेल.

उतरलेला भाव खालपर्यंत पोहोचत नाही, हे ट्रॅक्टरमालकाच्या आधी सरकारने दाखवून दिले होते. २०१४ च्या उत्तरार्धात कच्चे तेल घसरू लागले, तेव्हा नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. ऑक्टोबर २०१५ पासून राज्याने दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले. ज्यांच्या शेतात दुष्काळ होता, त्यांनीही ते ट्रॅक्टरच्या टाकीत भरले. २०२० च्या टाळेबंदीत तेलाला जगात गिऱ्हाईक उरले नव्हते, त्या मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवले आणि डिझेलवरील केंद्रीय शुल्क लिटरला ३१.८३ रुपये झाले. साथीच्या खर्चासाठी पैसा हवा होता हे खरे, पण तो कोणाकडून घेतला गेला, हेही गावांनी पाहिले.

मग २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये शुल्क थोडे कमी केल्यापासून पंपावरचे दर थिजलेले होते. कच्चे तेल १३० डॉलरच्या पुढे जाऊन आले, तरी ते हलले नाहीत. १० मार्चला उत्तर प्रदेशासह पाच राज्यांचे निकाल लागले आणि २२ मार्चपासून जवळपास रोज वाढ सुरू झाली. एप्रिलमध्ये विदर्भातील अनेक जिल्ह्यांत पेट्रोल १२० रुपयांच्या घरात गेले. पारावरच्या भाकिताला याहून चांगला पुरावा कोणता हवा होता? तेल कंपन्यांनी त्या महिन्यांत तोटा सोसल्याचे स्पष्टीकरण आले, आणि ते निराधार नव्हते. पण निवडणुकीपर्यंत तोटा सोसणारी कंपनी बाजाराने चालते, हे पटवणे कठीणच होते. मे महिन्यात केंद्राने आणि जुलैत राज्याने कर कमी केला, तो उन्हाळी नांगरणी बहुतेक उरकल्यावर.

त्याच वर्षी गावाच्या हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. हमीभाव होता लांब धाग्याला ६,०२५. खेड्यातील कापूस बहुतांशी विकून झाला होता, साठवून ठेवणाऱ्या थोड्यांना तो भाव मिळाला, आणि एप्रिलच्या मध्यापासून सरकारने कापसावरील आयात शुल्क माफ केले. युक्रेनचे सूर्यफूल तेल थांबल्यामुळे मे महिन्यात सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या प्रत्येकी २० लाख टन कच्च्या तेलाला वर्षाला शुल्कमुक्त आयातीची मुभा मिळाली; सोयाबीनचे वायदे तर डिसेंबर २०२१ पासूनच बंद होते. ग्राहकाला स्वस्त तेल मिळावे, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण एकाच युद्धामुळे डिझेल महागले तेव्हा जागतिक बाजाराचा दाखला दिला गेला आणि सोयाबीन महागणार असे दिसताच त्या बाजाराची झळ अडवली गेली, हा फरक येथील कास्तकाराला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. मार्च २०१२ ची कापूस निर्यातबंदीही त्याच्या लक्षात होती.

खताच्या बाबतीत सरकारने भार उचलला, हे मान्य केले पाहिजे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांवरच राहिली आणि डीएपी अनुदानामुळे १,३५० वर थांबले. एसटीचे तसे झाले नाही : ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे सुमारे १७ टक्क्यांनी वाढले, जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्क्यांनी. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट मिळाल्यामुळे बाजाराला जाण्याचे काम अनेक घरांत बायकांकडे आले, आणि याबद्दल सरकारला दुवा देणारेही त्याच गावांत आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये ही साखळी आणखी लांबली. भारत रशियाचे तेल घेतो या कारणाने अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. त्याच महिन्यात कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले, म्हणजे नेमके वेचणीच्या आणि विक्रीच्या महिन्यांत. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, पण तो मिळवण्यासाठी सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणाऱ्या केंद्राच्या कापूस महामंडळाच्या) केंद्रावर मोबाइल ॲपवरून नोंदणी आणि १२ टक्क्यांच्या आत ओलावा या दोन्ही अटी होत्या. ओल्या कापसाला खेडा खरेदीचा, म्हणजे गावात येऊन माल घेणारा, व्यापारी देईल तो भाव होता. रशियाच्या तेलामुळे डिझेल मात्र स्वस्त झाले नव्हते. मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरलेला दर त्या हंगामात जवळपास तसाच होता, आणि हिंगणघाट, वणी किंवा अकोटच्या बाजारात कापूस नेणाऱ्या गाड्या त्याच दराने भरल्या जात होत्या.