घाटात धो धो, अथणीत धूळ

आर्द्रा लागल्या की आमच्या बेळगावात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशाच एका सकाळी पुतणीनं विचारलं, "काका, इथं एवढा पाऊस पडालाय, मग अथणीत मामाकडं अजून धूळ कशी?" दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली. मुलांना हवामान शिकवायला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचला नसता.

उत्तरासाठी तिला सायकलपाशी नेलं. ट्यूबमध्ये हवा भरताना पंप खाली तापतो, हे तिला ठाऊक होतं. व्हॉल्व सैल करून सुटणाऱ्या हवेपुढं बोट धरायला लावलं. गार! कोंडलेली हवा मोकळी झाली की पसरते, आणि पसरताना तिची स्वतःचीच उष्णता खर्ची पडते.

घाटात हेच होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. अरबी समुद्रावरून ओल घेऊन आलेला नैऋत्येचा वारा गोवा ओलांडून चोर्ल्याच्या बाजूला सह्याद्रीवर थडकतो. डोंगर आडवा, म्हणून वारा वर चढतो. वर हवेचा दाब कमी असतो. हवा पसरते, गार होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसंच. पुष्कळांना ढग म्हणजे वाफ वाटते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग हे पाण्याचे अतिबारीक थेंब. कणकुंबीच्या रस्त्यावर पावसाळ्यात जे धुकं अंगावर येतं, तो ढगच असतो.

खानापूरच्या रानात बरंचसं पाणी सांडून वारा पूर्वेला उतरतो. उतरताना दाबला जाऊन पुन्हा तापतो, ढग विरत जातात. अथणी या पर्जन्यछायेत येते.

हे सांगून झाल्यावर मोजणं आलंच, कारण मोजल्याशिवाय मुलाला पाऊस कळत नाही असं माझं ठाम मत आहे. प्लास्टिकच्या सरळ बाटलीचं निमुळतं तोंड कापून तेच उलटं आत बसवलं. तळ खडबडीत असतो, म्हणून खडे घालून थोडं पाणी ओतलं आणि त्या रेषेला शून्य धरलं. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. बाटली पागोळ्या आणि झाडापासून लांब, उघड्यावर.

"रुंद डबा ठेवला तर जास्त पाऊस येईल?" पाणी जास्त येईल, उंची तेवढीच राहील, डब्याच्या बाजू मात्र सरळ हव्यात, घागरीसारख्या नकोत. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. हे कळल्यावर तिनं लगेच गच्ची मोजायला घेतली.

हवामान खात्याप्रमाणे आमची नोंदही सकाळी 8.30 ला होते. मग अथणीला फोन जातो, तिकडंही तशीच बाटली ठेवलीय.

"मामा, किती?"

"काही नाही गं, एक थेंबही नाही."

"मग शून्य लिही. रिकामं सोडू नको."