नूतनीकरणाचा हक्क, बदलाची विनंती: विदर्भातल्या निवृत्तांच्या मेडिक्लेमची पार्श्वभूमी

विदर्भातल्या काही खेड्यांनी आरोग्य विम्याचा हप्ता आधी ज्वारीत भरला आणि पुष्कळ वर्षांनी रुपयांत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८०च्या आसपास वर्धा जिल्ह्यातल्या गावांसाठी अशी योजना चालवली होती. सुगी झाली की गावातून ज्वारी गोळा व्हायची. जमीनवाल्याचा वाटा जास्त, भूमिहीनाचा कमी, आणि त्या धान्याच्या बदल्यात वर्षभर दवाखान्यात सवलत मिळायची. हप्ता ठरायचा तो ऐपतीवरून, वयावरून नाही. आज साठीच्या पुढचा माणूस मेडिक्लेमचा हप्ता ऐकून गप्प होतो, तेव्हा मला हा फरक हटकून आठवतो.

मेडिक्लेम आला १९८६ साली. त्याआधी १९७३मध्ये १०७ विमा कंपन्या एकत्र करून सरकारने चार कंपन्या केल्या होत्या. त्या चौघींनीच ही पॉलिसी बाजारात आणली. त्यांची कार्यालये जिल्ह्याच्या गावी. तालुक्यात एजंट, आणि तोही बहुतेक आयुर्विम्याच्या कामातून आलेला. खेड्यात तेव्हा पॉलिसी घेणारा कोण, तर महिन्याला पगार येणारा. पण त्यालाही नोकरीत असताना तिची गरज वाटत नसे, कारण राज्य सरकारच्या १९६१च्या नियमांनुसार सेवेतल्या कर्मचाऱ्याला दवाखान्याच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. ही सोय निवृत्तीबरोबर संपते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, बीपी-शुगरची पहिली चिठ्ठी खिशात येते त्याच सुमारास, माणूस उघड्यावर येतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, नागपुरात तिचे दवाखाने आहेत. माजी सैनिकांना २००३पासून ईसीएचएस ही तशीच योजना मिळाली. गावातला गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, एसटीचा ड्रायव्हर यांनी मात्र बाजारात जाऊन विमा घ्यायचा, तोही कंपन्यांना नकोशा वाटणाऱ्या वयात.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून १९९८ला मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचा एक जुना विद्यार्थी एजंट झाला होता, त्याच्याकडून त्यांनी मेडिक्लेम घेतला. आठ वर्षे एकही क्लेम नाही. २००६ला हप्त्याचा चेक एजंटाच्या बॅगेत राहिला आणि कंपनीत उशिरा पोचला. पॉलिसी ‘नवी’ धरली गेली. पुढच्याच वर्षी बायपास करावी लागली, तेव्हा कंपनीने शुगर हा ‘आधीपासूनचा आजार’ ठरवून क्लेम नाकारला. आठ वर्षांचे हप्ते हिशेबात कुठेच नव्हते. पतसंस्थेचे कर्ज आम्ही पाच वर्षे फेडले.

हे एकट्या बाबांचे नव्हते. त्या काळात अनेक पॉलिसींना वयाची वरची मर्यादा होती. क्लेम झाला की पुढच्या वर्षी हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जादा आकार, बसायचे, काहींचे नूतनीकरणच थांबायचे. विमा क्षेत्र २०००पासून खासगी कंपन्यांना खुले झाले, २००६मध्ये फक्त आरोग्य विमा करणारी पहिली कंपनी आली. दुकाने वाढली, पण ग्राहकाला एका दुकानातून दुसऱ्यात जाता येत नव्हते. कारण कंपनी बदलली की आधीच्या आजारांची प्रतीक्षा (त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) पुन्हा पहिल्या दिवसापासून. तीन-चार वर्षे थांबून जो निवृत्त माणूस त्या प्रतीक्षेतून बाहेर पडलेला असे, तो ती कमाई सोडून जाणार कसा? वाईट सेवा सहन करत तिथेच राहायचा.

१ ऑक्टोबर २०११ला पोर्टेबिलिटी लागू झाली, ती या अडचणीसाठी. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते हे लोकांना त्याच वर्षी कळले होते, त्यामुळे ‘पोर्ट’ हा शब्द खेड्यातही समजावून सांगावा लागला नाही. जुन्या कंपनीकडे काढलेली प्रतीक्षेची वर्षे नव्या कंपनीने धरायची, हा त्याचा गाभा. मागच्याच महिन्यात आमच्याकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी विचारले, “गुरुजी, कंपनी बदलली त मांगचे वर्षं वाया जातेत काय?” जात नाहीत. पण ती वर्षे जुन्या विमा रकमेपुरतीच (आणि तिच्यावर साचलेल्या बोनसपुरती) चालतात. दोन लाखांची पॉलिसी पाच लाखांची करून घेतली, तर वरच्या तीन लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू. एजंट हे सांगत नाहीत, आणि क्लेमच्या वेळी नेमके हेच निघते.

दुसरा मोठा बदल २०१३च्या नियमांनी झाला. पॉलिसीचे नूतनीकरण आयुष्यभर होईल, आणि आधी क्लेम घेतला म्हणून कंपनीला ते नाकारता येणार नाही. ६५ वर्षांपर्यंतच्या माणसाला प्रवेश खुला ठेवणेही बंधनकारक झाले. बाबांच्या पिढीला हे मिळाले असते तर, हा विचार मी अजूनही करतो.

मात्र या दोन नियमांमधला फरक आमच्या भागात फार कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. नूतनीकरण हा हक्क आहे. पोर्ट ही विनंती आहे. जुनी कंपनी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, पण नवी कंपनी तुम्हाला आत घ्यायला बांधील नाही. ती तपासण्या मागते, कागद बघते आणि नाही म्हणू शकते. सत्तरीतल्या, स्टेंट बसलेल्या माणसाला ती बहुतेकदा नाहीच म्हणते. म्हणून नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकू द्यायचा नाही. २०११च्या नियमात पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी करायचा होता. २०२४च्या नियमांनुसार जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा आहे. तरीही मी सगळ्यांना दोन महिने आधी सुरुवात करायला लावतो. आमच्याकडे जुन्या पॉलिसींच्या प्रती गोळा करण्यातच पंधरा दिवस जातात. एक ट्रंकेत, एक मुलाकडे पुण्यात, एक एजंटाकडे.

ज्यांना बदलणे शक्य नाही त्यांच्यासाठी जुनी पॉलिसी तशीच ठेवून वरून जोड घेणे, हा मार्ग नंतर रुळला: टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. दोन्हींत एक उंबरठा ठरलेला असतो, त्याच्या वरचा खर्च कंपनी देते. नावे जवळजवळ सारखी आहेत, काम नाही. उंबरठा तीन लाखांचा धरा. एका वर्षात आधी अडीच लाखांचे आणि मग दोन लाखांचे बिल झाले, तर टॉप-अप दोन्ही वेळा काहीच देणार नाही, कारण एकेक बिल तीनच्या आत आहे. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरते, साडेचार लाखांतले वरचे दीड लाख देते. म्हातारपणी दवाखान्याच्या फेऱ्या एकामागून एक होतात. माझ्या ओळखीच्या चार जणांनी हप्ता कमी बघून साधा टॉप-अप घेतला होता, त्यांना फरक कळल्यावर वाईट वाटले.

या जोडपॉलिसीचा मोठा प्रयोग बँकवाल्यांनी पाहिला. नोव्हेंबर २०१५पासून बँक निवृत्तांसाठी समूह पॉलिसी सुरू झाली, पुढे तिच्यावर सुपर टॉप-अपही आला. हप्ता वर्षागणिक इतका वाढला की अनेकांनी मूळ पॉलिसी सोडली. समूहाची पॉलिसी स्वस्त वाटते, पण तिची किंमत दरवर्षी नव्याने ठरते, हे तिथे दिसले.

आणि ज्यांची ऐपतच नाही? ईपीएस-९५वाल्यांना (पीएफ खात्याची पेन्शन घेणाऱ्यांना) २०१४पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे. पेन्शनवाढीबरोबर नवराबायकोसाठी मोफत उपचार, ही मागणी घेऊन बुलढाण्यात डिसेंबर २०१८मध्ये साखळी उपोषण सुरू झाले. त्या माणसांसमोर सुपर टॉप-अपचे गणित मांडायला माझी जीभ वळत नाही.

त्यांच्यासाठी सरकारी योजनांची वाट वेगळी चालत आली. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले गडचिरोली आणि अमरावती होते. दीड लाखांचे संरक्षण, पण पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर. पेन्शनर गुरुजीचे कार्ड पांढरे. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना आत घेतले. त्यात यवतमाळ, वर्धा, अकोला, वाशीम, बुलढाणा, अमरावती आले, पूर्व विदर्भातले बाकीचे जिल्हे राहिले. महात्मा फुले योजना (जीवनदायीचेच नंतरचे नाव) सगळ्या कार्डांना आणि पाच लाखांपर्यंत खुली झाली ती जुलै २०२४पासून. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आले, उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालते. कार्ड जरूर काढावे. पण म्हणून जुनी पॉलिसी बंद करू नये. कार्डावर उपचार यादीतल्या रुग्णालयात, ठरलेल्या पॅकेजमध्ये होतात, आणि कार्ड व खासगी टॉप-अप एकाच बिलावर जोडता येतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

खासगी बाजूलाही अलीकडे बरेच बदलले. एप्रिल २०२४पासून आधीच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने, पाच वर्षे सलग पॉलिसी असेल तर फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, ६५ची प्रवेशमर्यादा गेली. जानेवारी २०२५मध्ये साठीपुढच्यांचा हप्ता विमा नियामकाला (आयआरडीएआय) विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही असे ठरले. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही उठला. जुन्या पॉलिसीतली खोलीभाड्याची अट मात्र तशीच तपासून घ्यावी लागते: दोन लाखांच्या विमा रकमेवर एक टक्का म्हणजे दिवसाला २,००० रुपये. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत ४,०००ची खोली घेतली की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च असे बिलातले इतर आकडेही त्याच प्रमाणात कापले जातात.

क्लेम नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. विदर्भ पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला पुणे गाठावे लागत नाही. ही व्यवस्था १९९८पासून आहे. बाबांचा क्लेम नाकारला गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आमच्या तालुक्यात कोणीच आम्हाला तिचे नाव सांगितले नाही.