मुलीच्या नावाचा शेवट: ‘आ’, ‘ई’ आणि अलीकडचे ‘न्वी’

नावाचे पहिले अक्षर पुष्कळ घरांत पंचांगावरून ठरते. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ आद्याक्षरे. त्यांतले एक बाळाच्या वाट्याला येते. शेवटचा नाद मात्र आपण आपल्या कानाने निवडतो, असा समज आहे. मुलींच्या बाबतीत हा कान फार जुन्या नियमांनी घडवलेला आहे.

पारस्कर गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा प्राचीन ग्रंथ सांगतो की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे. मुलीचे विषम अक्षरांचे, आकारान्त आणि तद्धित, म्हणजे एखाद्या नामाला प्रत्यय लागून झालेले. मनुस्मृतीने (२.३३) अट सैल ठेवली: उच्चाराला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मंगल आणि दीर्घवर्णान्त, म्हणजे दीर्घ स्वराने संपणारे. म्हणजे ‘आ’बरोबर ‘ई’लाही वाट मोकळी. व्यवहाराला धरून होते ते हेच. तद्धित नावांतली सर्वांत परिचित नावे ईकारान्तच आहेत: जनकाची जानकी, द्रुपदाची द्रौपदी, पर्वताची पार्वती. विषम अक्षरांचा दंडक तर सीता, उमा, रमा यांच्यापुढे टिकतच नाही. याच स्मृतीत (३.९) नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून करू नये असेही आहे. महाराष्ट्रात गंगा, यमुना, गोदावरी आणि कृष्णा घरोघरी नांदल्या, तेव्हा हा श्लोक कोणी फारसा मनावर घेतला नसावा.

मराठीने स्वतःचे शेवटही घडवले. तेराव्या शतकातल्या महानुभावांत महदाइसा, हिराइसा भेटतात, वारकऱ्यांत मुक्ताई, जनाबाई, पुढे जिजाऊ. आइसा, आई, आऊ हे मूळ आदराचे जोड, पण ते नावाशी इतके एकजीव झाले की सोडवून काढणे अवघड. घरात ठकू, गोदू, यमू असा ‘ऊ’ चाले आणि चारचौघांत सगळ्यांना ‘बाई’ लागे. नाव कशानेही संपो, बाहेर ऐकू येई ते ‘बाई’च. त्यात लग्नानंतर नाव बदले: आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना. आईबापांनी निवडलेल्या शेवटाला फार आयुष्य नसे.

विसाव्या शतकात ‘बाई’ हळूहळू गळाली आणि शेवट उघडा पडला. मग उत्तरपदच, म्हणजे दुसरा शब्दच, स्त्रीलिंगी असलेल्या जोडनावांची चलती झाली: स्नेहलता, शशिकला, भाग्यश्री. सोबत सुमन, कुसुम, कमल ही फुलांची नावे आली. मराठीत शेवटचा ‘अ’ उच्चारला जात नाही, त्यामुळे ती व्यंजनावर थांबतात. त्याच वाटेने किरण, शीतल ही नावे आली आणि यादीतले नाव मुलाचे की मुलीचे हे नुसत्या नावावरून कळेनासे झाले. आज पालक पुन्हा ‘आ’ आणि ‘ई’कडे वळलेले दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

आता प्रश्न येतो तो शेवट आधी ठरवून पुढचा भाग जुळवण्याचा. शेवट सोलून काढावा आणि उरलेला शब्द आहे का ते पाहावे. पाणिनीच्या ‘वोतो गुणवचनात्’ (४.१.४४) या सूत्राने उकारान्त गुणवाचक शब्दाला विकल्पाने ‘ई’ लागते, ‘उ’चा ‘व्’ होतो, आणि तनु म्हणजे सडपातळ, यापासून तन्वी मिळते. जान्हवीची वाट वेगळी: जह्नू ऋषीची कन्या ती जाह्नवी, मराठी वळणाने जान्हवी. या दोघींचा नाद उचलून शान्वी झाली. पण तिच्यासाठी ‘शानु’ असा गुणवाचक शब्द लागेल आणि तो कोशात सापडत नाही. नाव गोड आहे, खुशाल ठेवावे. फक्त नावांच्या यादीत त्यापुढे छापलेला ‘लक्ष्मी’ हा अर्थ प्रमाण मानू नये.

‘आ’चेही तसेच. विशेषणाला तो सरळ लागतो: दिव्य–दिव्या, अनन्य–अनन्या. काव्य आणि शौर्य ही मात्र नपुंसकलिंगी नामे; त्यांना ‘आ’ जोडून काव्या, शौर्या होतात ती केवळ कानासाठी. उलट गंमत सविताची. मूळ शब्द ‘सवितृ’, म्हणजे सूर्य, अस्सल पुल्लिंगी. प्रथमेच्या एकवचनात तो ‘आ’ने संपतो, एवढ्यावर तो मुलींचा झाला.

कागदावर घोटाळे होतात तेही शेवटाशीच. रोमन लिपीत शेवटचे ‘अ’ आणि ‘आ’ बहुधा एकाच अक्षराने लिहितात, म्हणून आर्य आणि आर्या सारखेच दिसतात. रोमनवरून देवनागरी परत लिहिणारा कारकून मुलीचा मुलगा करून ठेवू शकतो. जन्मनोंदीत दोन्ही लिप्यांतले नाव स्वतः भरावे आणि दाखला घेतानाच शेवटचा काना तपासावा. प्रीती, कीर्ती, स्मृती ही नावे संस्कृतात ऱ्हस्वान्त. मराठीत १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे दीर्घान्त. दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरी वेलांटी पडली की पुढे दुरुस्तीचे अर्ज आले.

नाव पक्के करण्याआधी ते आडनावासकट भरभर म्हणून पाहावे. ‘आ’ने संपणारे नाव आणि आपटे, आगाशे अशी आडनावे शेजारी आली की दोन ‘आ’ मिसळतात आणि रमा आपटे ‘रमापटे’ ऐकू येते. गौरी आणि इनामदार यांचेही तेच होते. तिथे ‘आ’चे नाव ‘इ’च्या आडनावापुढे किंवा ‘ई’चे नाव ‘आ’च्या आडनावापुढे ठेवले की दोन्ही शब्द सुटे राहतात.