कार्ड तेच, नाव दुसरं

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कंपनीचं सगळं इंटरनेट कोपऱ्यातल्या जुन्या लिनक्स पीसीतून जातं. त्यात दोन नेटवर्क कार्डं असतात. लिनक्स त्यांना ईटीएच० आणि ईटीएच१ अशी नावं देतं. ईटीएच० ला बाहेरची केबल, ईटीएच१ ला ऑफिसचा स्विच. फायरवॉलचे, म्हणजे कोणाला आत-बाहेर सोडायचं याचे नियम याच नावांवर लिहिलेले. लाइट जाऊन येते, पीसी उठतो आणि नावांची अदलाबदल झालेली असते. सगळंच बंद पडलं तर बरं म्हणायचं. अर्धवट चाललं, तर आतल्यांसाठीची मोकळीक बाहेरच्या केबलला मिळालेली असू शकते.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नावातले हे आकडे कार्ड सापडेल त्या क्रमाने वाटतो. कार्डं चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एकाच वेळी लोड होतात, त्यामुळे आधी कोण सापडेल याचा भरवसा नाही. बहुतेक वेळा क्रम तोच राहतो, म्हणून तर हा दोष महिनोन्‌महिने दडून बसतो.

मग यूडेव्हने, म्हणजे लिनक्समध्ये उपकरणं ओळखून त्यांना नावं देणाऱ्या प्रोग्रॅमने, नाव कार्डाच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्याला, म्हणजे प्रत्येक कार्डाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाला बांधलं. पण कार्ड जळून नवीन घातलं, की ते ईटीएच२ म्हणून उगवायचं आणि जुने नियम वाऱ्यावर.

२०१३ मध्ये सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, १९७ व्या आवृत्तीने कार्डाच्या पीसीतल्या जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली. ईएनपी३एस० म्हणजे ३ क्रमांकाची पीसीआय बस (पीसीत कार्डं जोडायचा मार्ग), ० क्रमांकाचा स्लॉट. नेरूळच्या सेक्टर-प्लॉटच्या पत्त्यासारखंच हे. भाडेकरू बदलला तरी पत्ता तोच. मात्र एखादं नवं ग्राफिक्स कार्ड घातलं, तर बसचे आकडेच सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाव ड्रायव्हरवरून येतं: इंटेलची बरीच कार्डं ईएम०, रिअलटेकची आरई०. वेगवेगळ्या ड्रायव्हरची कार्डं असली तर अदलाबदल होतच नाही.

एकच कार्ड असेल तर या भानगडीत पडूच नये. दोन असतील तर नावं स्वतः द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये प्रत्येक कार्डासाठी एक लिंक फाइल (नावाच्या शेवटी ‘.link’ असलेली) करायची. त्यात कोणतं कार्ड आणि काय नाव, एवढंच. ‘बाहेर’, ‘आत’ अशा अर्थाची नावं रोमन अक्षरांत ठेवा, १५ अक्षरांच्या आत. ईटीएच मात्र नको. ती नावं कर्नल स्वतः वापरतो, टक्कर होते. ओळख पटवायला कार्डाचा कायमचा मॅक पत्ता घ्या, चालू पत्ता नको, कारण त्याच कार्डावरचा व्हीलॅन, म्हणजे एका केबलवरून चालवलेलं वेगळं आभासी नेटवर्क, चालू मॅक पत्ता उचलतो आणि मग नियम त्यालाही लागू होतो. डेबियन हा लिनक्सचा प्रकार असेल, तर फाइल लिहिल्यावर इनिटरॅमएफएसही, म्हणजे पीसी सुरू होताना आधी लोड होणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिमही, पुन्हा बनवा. कार्डाचं नाव बऱ्याचदा तिथेच ठरून जातं.