ॲस्पिरेशन, घोड्यांच्या भुलीतील

घोड्याला पूर्ण भूल दिलेली असताना, किंवा तो भुलीतून उठत असताना, तोंडातला चारा, लाळ, रक्त अथवा जठरातला द्रव श्वासनळीत उतरून फुप्फुसात जातो, त्याला पशुवैद्यक ॲस्पिरेशन म्हणतात. त्यातून फुप्फुसाला सूज येते, न्यूमोनिया होतो आणि कधी फुप्फुसावरणात पू साचतो. गाईम्हशींच्या मानाने घोड्यात हे विरळ, पण घडले तर जिवावर बेतते.

विरळ असण्याचे कारण घोड्याच्या शरीरातच आहे. त्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला तिरपी मिळते आणि त्या तोंडाशी स्नायूंचे घट्ट कडे असते. जठर फुगेल तसे ते आणखी आवळते. भुलीत आडव्या पडलेल्या गाईच्या पोटातला पाला आपसूक घशात येतो, घोड्याचा येत नाही. मात्र ‘घोडा ओकत नाही, मग भीती कसली’ हे अर्धेच खरे. पोटशुळात लहान आतडे अडले की द्रव मागे जठरात साचत जातो. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचे. भुलीने कडे सैल पडते, उताण्या घोड्याच्या आतड्यांचा भार जठरावर येतो आणि हिरवट, आंबूस वासाचा द्रव नाकपुड्यांतून वाहू लागतो. म्हणून पोटशुळाच्या शस्त्रक्रियेआधी नाकातून जठरात नळी घालून पोट रिकामे करणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. घाईत ती गाळली जाऊ नये.

दुसरा स्रोत तोंड. घोडा चावलेला चारा गालफडात धरून ठेवतो. भुलीची नळी, म्हणजे श्वास चालू ठेवायला तोंडातून श्वासनळीत घालतात ती, घोड्याच्या घशात न दिसता, हाताच्या अंदाजाने सरकवावी लागते. वाटेतला चारा ती सरळ श्वासनळीत ढकलते. खानदेशात कडबा-कुट्टी आणि हरभऱ्याचा भुसा खाणाऱ्या घोड्याचे तोंड भुलीआधी धुताना हे डोळ्यांनी दिसते. मोठ्या पिचकारीने गालफडात पाणी सोडले की पहिल्यांदा हिरवा लगदा पडतो, मग कुट्टीचे तुकडे, मग भुशाचा गाळ. पाणी नितळ यायला चार-पाच पिचकाऱ्या लागतात. साध्या बादलीभर पाण्याचे हे काम आहे. चारा काही तास आधी बंद करतात, पाणी सहसा तोडत नाहीत. पण उपाशी घोड्याच्या गालातही घास सापडतो, त्यामुळे धुणे टळत नाही. तिसरा स्रोत दात, सायनस किंवा घशाच्या शस्त्रक्रियेतले रक्त. नळीच्या टोकाजवळचा फुगा फुगवला की नळीभोवतीची फट बंद होते; अशी नळी तिथे श्वासनळीचा पहारा करते. मोठ्या घोड्याला 26 ते 30 मिलिमीटर व्यासाची नळी लागते, लहान चणीच्या काठेवाडी घोड्याला त्याहून बारीक.

खानदेशात हा विषय सर्वांत जवळून भिडतो तो सारंगखेड्यात. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील तापीकाठच्या या गावी दत्तजयंतीपासून भरणाऱ्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे दूरवरून ट्रकने येतात. प्रवासात मान आखडून बांधलेल्या घोड्याला डोके खाली घालता येत नाही. श्वासनळीतला चिकटा आणि जंतू बाहेर निघायला मान खाली जावी लागते. ती तासन् तास वर राहिली की फुप्फुसात संसर्ग आधीच रुजतो. अशा घोड्याला उतरवल्या उतरवल्या खच्चीकरणासाठी भूल देणे टाळावे. शेतात झायलाझीन-केटामाइन या भुलीच्या इंजेक्शनांवर होणाऱ्या छोट्या शस्त्रक्रियेत नळी बहुधा घालत नाहीत. अवधी थोडा असतो आणि तोंड स्वच्छ असेल तर ते चालते. रिकाम्या तोंडाची खात्री मात्र तिथेही हवी.

दुसरी स्थानिक बाब अधिक घातक. पोटात दुखणाऱ्या घोड्याची मान वर ताणून बांबूच्या नळीने तेल किंवा काढा पाजतात. घोड्याला ठसका लागला नाही म्हणजे औषध पोटात गेले, असे नव्हे. तेल श्वासनळीत गेले तरी खोकला फारसा येत नाही, आणि ते फुप्फुसातून सहज निघतही नाही. असा घोडा शस्त्रक्रियेला येतो तेव्हा त्याचे फुप्फुस भुलीआधीच बिघडलेले असते. मालकाने पाजलेली गोष्ट पशुवैद्याला सांगितली पाहिजे, आणि पशुवैद्याने न रागावता विचारली पाहिजे.

जठराचे आम्ल फुप्फुसाचे अस्तर भाजते. माणसांतील हा प्रकार अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 साली प्रसूतीच्या रुग्णांत वर्णन केला. चाऱ्याबरोबर तोंडातले जंतूही जातात. त्यांतले काही प्राणवायूविना वाढतात आणि श्वासाला सडका वास आणतात. इजा बहुधा फुप्फुसाच्या पुढच्या-खालच्या भागात होते. भुलीत आडव्या घोड्याचे फुप्फुस तसेही दबते, प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे ॲस्पिरेशन तिथे लपून जाते. पुढच्या दिवसांत ते उघडे पडते: मिनिटाला 8 ते 16 असणारे श्वास वाढतात, ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर जातो, नाकातून तपकिरी स्राव येतो, घोडा चंदीला तोंड लावत नाही. उठताना नाकातून गुलाबी फेस आला तर मात्र श्वासमार्ग अडून फुप्फुसात पाणी भरल्याची शंका आधी घ्यावी. त्याचा इलाज वेगळा.

घोडा गिळू लागेपर्यंत नळी काढत नाहीत. ज्याच्या जठरातून द्रव उलटला आहे त्याची तर तो उभा राहीपर्यंत, फुगा भरलेलाच ठेवून. नाकाचे टोक घशापेक्षा खाली ठेवतात, म्हणजे द्रव बाहेर ओघळतो. उपचारात श्वासनळीतला द्रव ओढून काढणे, प्राणवायू, पेनिसिलीन-जेंटामायसीन-मेट्रोनिडॅझोल यांसारखी प्रतिजैविके, सूज उतरवणारे फ्लुनिक्सिन, आणि पू साचला तर छातीत नळी. शुश्रूषेत तोबरा तोंडाला बांधू नये. चारा आणि चंदी जमिनीवर ठेवावी, म्हणजे खाताना मान खाली जाते आणि फुप्फुसातला स्राव नाकावाटे निचरतो.