शोकाच्या ‘पाच पायऱ्या’ क्रमानेच चढाव्या लागतात?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज सांगतो: नकार, राग, नशिबाशी घासाघीस, नैराश्य, स्वीकार; या क्रमाने गेलं की दुःख संपतं.

या अवस्था १९६९ च्या ‘ऑन डेथ अँड डाइंग’ या इंग्रजी पुस्तकातून आल्या. ते मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या मुलाखतींवर होतं, मागे राहिलेल्यांवर नव्हे. अनुक्रमणिका चाळली तरी हे लक्षात येतं.

मागे राहिलेल्याचं दुःख लाटांसारखं येतं. उत्तम टीव्ही मालिका ते नेमकं पकडते: तेरावं होऊन महिने उलटलेत, तरी सवयीने दोन कपांत चहा ओतला जातो आणि हात थबकतो. असं पात्र पाहताना भागागणिक त्याची अवस्था लिहा. राग स्वीकारानंतरही परत आलेला दिसेल.

स्वतःला माफ करणंही एका रडण्याच्या प्रसंगात उरकत नाही. ‘तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर?’ यात मन आजची माहिती त्या दिवसावर लादतं. कागदावर दोन रकाने करा: त्या दिवशी काय ठाऊक होतं, नंतर काय कळलं. अपराधाचं बरंचसं ओझं दुसऱ्या रकान्यात निघतं.

सहा महिन्यांनंतरही जेवण, झोप, काम ठप्पच असेल, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना भेटा.